पंच म्हणून माझी सही

जालन्यात मला दोन नावं आहेत आणि दोन्ही लोकांनीच पाडलेली आहेत. कोर्टाच्या आवारात मी 'आरोपीची बाई'. सरकारी दवाखान्याच्या मागं, जिथं मयताची चिरफाड होते त्या खोलीपाशी मी 'कापडवाल्या मॅडम'. पहिलं नाव पडलं कारण तेहतीस वर्षं मी फौजदारी वकिली केली आणि कायम आरोपीच्याच बाजूनं उभी राहिले. दुसरं पडलं कारण माझ्या गाडीच्या डिकीत नवं पांढरं कापड, साबण आणि दोन बादल्या सदा ठेवलेल्या असतात. माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "काय गं बाई, एक चोराचं काम अन् एक मढ्याचं. मधलं काही सापडलं न्हाई का तुला?" मी म्हणायची, "मधलं सगळं पुरुषांनी घेतलं, आत्याबाई." मंग त्याही हसायच्या आणि डबा हातात द्यायच्या. त्यांच्या त्या डब्यावर माझी सगळी वकिली उभी राहिली, हे आधीच कबूल करून टाकते.

लोकांना एकच प्रश्न पडलेला असतो. गुन्हेगाराला सोडवताना तुम्हाला झोप कशी लागते हो? चांगली लागते. आरोप कुणावरही होऊ शकतो, तुमच्यावरही. तो सिद्ध करायचं काम सरकारचं. माझं काम एवढंच, की सरकारनं ते बराबर केलं का, हे उभं राहून विचारायचं. कधी कधी त्या विचारण्यातून चोर सुटतो. पण विचारणारंच कुणी नसलं तर साव अडकतो, आणि ते चोर सुटण्यापेक्षा वाईट.

अशील मात्र एकेक नग भेटले. टेंभुर्णीकडचा एक होता, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आळ होता त्याच्यावर. मी त्याला दटावून ठेवलं होतं, मी खूण केल्याशिवाय कोर्टात तोंड उघडायचं नाही. पुकारा झाला. न्यायाधीशांनी नाव विचारलं. हा गप्प. पुन्हा विचारलं. हा माझ्याकडं बघतोय. तिसऱ्यांदा साहेब कडाडले तेव्हा मान वाकडी करून मला म्हणतो, "सांगू का मॅडम?" सगळं कोर्ट हसलं, साहेबही हसले. पुढं तो सुटला. बाहेर येऊन पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आता खरं सांगू का?" मी म्हटलं, "आता तर बिलकुल सांगू नको."

माझं नाव झालं ते मात्र पंचांच्या जिवावर. पंच म्हणजे कोण, ते थोडं सांगते. पोलीस कुठं झडती घेतात, कुठली वस्तू जप्त करतात, प्रेताची पाहणी करतात, तेव्हा दोन त्रयस्थ माणसं समोर लागतात. पोलिसांनी जे पाहिलं ते खरंच तिथं होतं, हे सांगायला. सगळं लिहून काढतात, त्याला पंचनामा म्हणतात आणि खाली पंचांच्या सह्या घेतात. शेवटची ओळ ठरलेली असते: 'पंचनामा वाचून पाहिला, तो बरोबर आहे.' आता खरं सांगा, दुपारच्या उन्हात कोण वाचतं? पोलीस म्हणतात इथं करा, माणूस करतो. मी उलटतपासणीला उभी राहिले की माझा पहिला प्रश्न तोच. "वाचून सही केली का?" पंच चाचरला की मी त्याला सोडत नसे.

एका ठाण्यासमोर रंगनाथ नावाचा चहावाला होता. हाकेच्या अंतरावर, म्हणून पोलीस दर वेळी त्यालाच पंच करायचे. माझ्यासमोर तो इतक्यांदा आला, की एकदा मी विचारलं, "अहो रंगनाथराव, तुम्ही चहा कधी करता?" तो म्हणाला, "पंचनामा नसंल तवा." खूप हशा झाला, मीही खूष. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, दारात पोलीस उभा राह्यला तर वाचत बसता येतं का? तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "अंगठेबहाद्दर नाही ना तुम्ही? मंग वाचायचं." माझ्या जिभेला तेव्हा फार धार होती आणि तिचा मला गर्वही होता.

आता दुसऱ्या नावाचं सांगते. बाई मेली आणि मरण संशयाचं असलं, की प्रेताची पाहणी करायला पंचही बायाच लागतात. अंगावर मार आहे का, व्रण आहे का, हे पडद्याआड बघायचं असतं. पण गावातली बाई कशाला येते? प्रेताला हात लावायचा, वर कोर्टाची पायरी चढायची. मंग जमादार वणवण फिरतो आणि तोवर ती बिचारी तशीच उघड्यावर पडून राहते. हे मी एकदा एका केससाठी दवाखान्यात गेल्ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तिथं शकीलाआपा भेटल्या. रिटायर झालेल्या नर्स, मला दहा वर्षांनी मोठ्या. त्या एकट्याच एका बेवारस बाईला न्हाऊ घालत होत्या. माझा काळा कोट बघून म्हणाल्या, "वकील है? तो बाल्टी पकड." मी बादली धरली ती अजून सोडलेली नाही.

आपांचा एक नियम होता. आईला आत बोलवायच्या आधी लेकीचं तोंड आणि हात स्वच्छ पाहिजेत. "माँ चेहरा देखती और हाथ पकडती. बस, वो दो साफ रख." आम्ही दोघींनी मिळून किती लेकींचे हात धुतले, त्याचा हिशेब नाही. पोलिसांनाही आमची सवय झाली. फोन यायचा, "मॅडम, महिला पंच भेटून न्हाई राह्यल्या. येता का?" मी जायची. माझा दंडक एवढाच, की ज्या प्रकरणात मी पंच, त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही. तेवढं पाळलं की आपण धुतल्या तांदळाचे, असं मला वाटायचं.

घनसावंगीच्या अलीकडं, गोदावरीच्या पट्ट्यात एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली मीरा नावाची तिशीतली बाई विहिरीत पडून गेली. आपा आणि मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या आवारात तिची आई कौसाबाई जमिनीवर बसून छाती पिटत होती. "माझी लेक ढकलली हो! जावयानं ढकलली!" सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, तिला माहेरच्या लग्नाला जायचं होतं म्हणून. शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं. तासाभरानं ती विहिरीत. आणि नवरा भागवत नखशिखांत भिजलेला, विहिरीच्या कडेला सापडलेला. तो म्हणे, मी तिला काढायला उडी मारली. लोक म्हणत, दोघं झोंबले आणि ही बुडाली.

आत आपा आणि मी. पडद्याबाहेर जमादार, मांडीवर पॅड. मी आतून सांगायची, तो लिहायचा. अंगावर मार नाही, गळ्यावर व्रण नाही, तळहातांची सालटं निघालेली. मंग आईच्या हवाली करायला बांगड्या काढायच्या होत्या आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली. आपांनी हळूहळू बोटं उकलली. आत हिरव्या नायलॉनचे तंतू, दोन-चार, कातडीत रुतलेले. मी मोठ्यानं म्हटलं, "हातात हिरव्या दोराचे तंतू आहेत, लिहा." बाहेरून "हां मॅडम" आलं.

आणि मंग मी ते केलं. बाहेर कौसाबाई आक्रोश करत होती, "मला लेक बघू द्या." आपा म्हणाल्या, "हाथ साफ कर, माँ आ रही." मी ओल्या फडक्यानं तो तळहात पुसला, तंतू चिमटीनं ओढून काढले, फडकं बादलीत पिळलं आणि पाणी मोरीत ओतलं. पुरावा कशाला म्हणतात, हे ज्या बाईनं शेकडो साक्षीदारांना शिकवलं, तिनं पुरावा मोरीत ओतला. त्या क्षणी मी वकील नव्हतेच हो. आईला लेकीचा हात स्वच्छ मिळावा, एवढंच डोक्यात होतं.

कौसाबाई आत आली आणि माझ्या अंगावर कोसळली. डाव्या हातानं मी तिला आवळून धरलेलं, उजव्या हातात जमादारानं पेन दिलं. "मॅडम, इथं. अन् इथं." मी भिंतीला कागद टेकवून सह्या केल्या. वाचलं नाही.

वर्ष गेलं. मी कोर्टात जाणं कमी केलं होतं. संतोष, माझ्या हाताखाली सात वर्षं शिकलेला वकील, संध्याकाळी चहाला यायचा. एकदा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, एक खुनाची केस आहे. नवऱ्यानं बायकोला विहिरीत ढकललं म्हणे. मरणोत्तर पंचनामा मान्य करून टाकतो, तेवढंच काम कमी. त्याच्यात काही न्हाई." पंचनामा आरोपीच्या वकिलानं मान्य केला की पंचाला कोर्टात बोलवावंच लागत नाही. संतोषनं पान उलटलं आणि हसला. "अरे, ही तर तुमचीच सही!" आणि वाचायला लागला. 'दोन्ही हात मोकळे. हातात काहीही आढळून आले नाही.'

 हे वाक्य मला पाठ आहे. प्रत्येक पंचनाम्यात ते असतं, जमादार लोक सवयीनं आधीच लिहून ठेवतात. माझं "लिहा" त्याच्या कानापर्यंत गेलं असेल, हातापर्यंत गेलं नाही. आणि खाली माझी सही, वाचून पाहिल्याची.

संतोष पुढं बोलत होता. "विहिरीच्या पंचनाम्यात रहाटाचा हिरवा दोर तुटलेला लिहिलाय, मॅडम. पण नुसत्या त्याच्यावर काय होतंय? तिनं दोर धरला व्हता असं कोण सांगणार?" मला सगळं एका दमात दिसलं. ती पाणी शेंदत होती. तोल गेला, दोराला लटकली, तळहात सोलून निघाले, दोर तुटला. भागवत खरंच तिला काढायला उतरला होता. आणि तो वर्षभर जेलमध्ये होता. हे सांगू शकणारं माणूस संतोषच्या समोर बसून चहा पीत होतं आणि त्या माणसानं तोंडातून ब्र काढला नाही.

लाज वाटली, दुसरं काही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बोलले तर अख्ख्या जिल्ह्यात हसं. वर पुरावा नष्ट केला म्हणून माझ्यावरच गुन्हा. नाही बोलले तर कुणाला कळणारही नाही. तिसऱ्या दिवशी आपांकडं गेले. म्हटलं, आपल्यालाच भास झाला असेल तर सुटलो. "आपा, त्या विहिरीतल्या पोरीच्या मुठीत काय होतं?" आपा लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हरा धागा. तूनेच तो पोंछा." मी रडायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेरी इज्जत बडी या उसकी जान? उठ, मुँह धो." त्या घटकेला मला असं कुणीतरी रागावायला हवं होतं. आपांचे उपकार मी कुठं फेडू?

संतोषला फोन केला. "तो पंचनामा मान्य करू नकोस. मला कोर्टात येऊ दे." तो गडबडला, "का मॅडम?" मी म्हटलं, "आता मी साक्षीदार आहे. साक्षीदाराशी जास्त बोलू नये, एवढं शिकवलंय मी तुला." आणि फोन ठेवला.

समन्स आलं. तेहतीस वर्षं ज्या कोर्टात खालून प्रश्न विचारले, तिथं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले.  समोर बाकावर कौसाबाई, मागं आरोपीच्या जागी भागवत. वाळून काटकी झाला होता पोरगा. न्यायाधीश तरुण होते. म्हणाले, "मॅडम, बसून सांगा." मी म्हटलं, "नको साहेब, पंच उभाच असतो."

सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमची? माझी. मजकूर बरोबर? मी म्हटलं, "नाही. एक ओळ चूक आहे."  मी मूठ, तंतू, फडकं, मोरी, सगळं सांगितलं. सरकारी वकील दोन मिनिटं कागदच चाळत राहिले. मंग त्यांनी अर्ज केला, साक्षीदार फितूर झालेला आहे, उलटतपासणीची परवानगी मिळावी. फितूर! मी किती पंचांना फितूर होताना टेबलाखाली टाळ्या दिल्या असतील.

"किती वर्षं वकिली केली?"

"तेहतीस."

"वाचल्याशिवाय सही करू नये, असं अशिलांना सांगता?"

"रोज."

"मंग स्वतः का नाही वाचलं?"

रंगनाथला मी ज्या प्रश्नावर घाम फोडला होता, तोच प्रश्न. आणि काय सांगू, मला त्याच्याइतकंही हजरजबाबी उत्तर सुचलं नाही. "चुकलं," मी म्हटलं.

"आरोपीचा वकील तुमचा शिष्य आहे?"

"आहे. त्यानं पंचनामा वाचून दाखवला म्हणून मला चूक कळली. तंतूंबद्दल त्याला मी एक शब्द सांगितलेला नाही."

"म्हणजे शिष्याला केस जिंकून द्यायला आलात."

आता मात्र माझा पारा चढला. "साहेब, त्याला जिंकवायचं असतं तर अब्रू राखून जिंकवायच्या हजार वाटा मी त्याला शिकवल्यात. ही त्यातली नाही."

"हात पुसला, म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केला?"

"हो. मीच केला. त्याची शिक्षा कोर्ट देईल ती घेईन. पण तो हात मोकळा नव्हता."

न्यायाधीशांनी माझं शेवटचं वाक्य स्वतः मोठ्यानं म्हणून टंकलेखकाला लिहून घ्यायला लावलं. मंग मला साक्ष वाचायला दिली. मी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, पानन् पान वाचलं. सगळं कोर्ट थांबलं होतं, थांबू दिलं. मंग सही केली.

पुढं आपाही येऊन तेच सांगून गेल्या. विहिरीचा पंचनामा आमच्या साक्षींशी जुळला, वैद्यकीय अहवालातली तळहातांची सालटं त्यांत बसली आणि भागवत सुटला. माझ्यावर गुन्हा झाला नाही, निकालपत्रात दोन कडक वाक्यं मात्र आली. ती मला मान्य आहेत. बाकी जिल्हा माझ्यावर हसला नाही, हे सांगितलं पाहिजे. बाररूममध्ये पोरं उठून उभी राहिली तेव्हा मीच ओरडले, "बसा रे, मोठं काम नाही केलं, चूक कबूल केली." एवढं मोठं मन ज्या लोकांनी दाखवलं, त्यांच्यात माझी हयात गेली. आणखी काय पाहिजे? मी अजूनही दवाखान्यात जाते. पंचनामा वाचते, मंग सही करते. जमादार घड्याळ बघत बसतात, बसू देत.

पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते साक्षीच्या दिवशीच्या दुपारपायी. पिंजऱ्यातून उतरून व्हरांड्यात आले तर कौसाबाई समोर उभी. मी मनाची तयारी केली. ही आता मला शिव्या देणार, हिच्या लेकीचा खुनी मी सोडवायला निघाले म्हणून. द्यायला पाहिजेतच, असंही वाटलं.  ती म्हणाली,

"बाई, कोणत्या हातात व्हता दोर?"

"उजव्या, मावशी."

"घट्ट?"

"लई घट्ट. एकेक बोट हळूहळू उकलावं लागलं."

ती खाली बसली. मीही तिच्याजवळ फरशीवर बसले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"गावात लोक दोन बोलायचे. एक म्हणायचे, त्यानं ढकलली. अन् दुसरे म्हणायचे, भांडून हिनंच उडी घेतली. दुसरं म्या कधी तोंडानं काढलं न्हाई, बाई. पण सकाळीच तिचा फोन आल्ता. 'आई, मला घेऊन जा' म्हणली. म्या म्हणलं, 'उगं रडू नको, नांदायचं असतं.' मला वाटायचं, म्याच मारली तिला. त्याच्यापरीस जावयानं ढकलली तर बरं, असं वाटायचं."

 तिचा हात धरून मी नुसतं म्हटलं, "मावशी, तिनं उडी नाही घेतली. ती वर यायला बघत होती."

"वर यायला बघत व्हती," ती म्हणाली. मंग पुन्हा एकदा म्हणाली.

तेवढ्यात पोलीस भागवतला घेऊन व्हरांड्यातून गाडीकडं निघाले. त्यानं सासूला बघितलं आणि मान खाली घातली. कौसाबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हवालदार मधी यायला लागला, मी त्याला हातानं थांबवलं.

ती भागवतला म्हणाली, "तू उतरला व्हतास ना रं खाली? तुला दिसली का ती?"

तो म्हणाला, "दिसली, मामी. मला हात करून राह्यली व्हती. म्या पोचलो न्हाई."